ताबा परत मिळाला, वकिलाची फी कोण देणार?

धार/देवास : मध्य प्रदेशात शहरातल्या भाडेकरूला घराबाहेर काढण्याची कारणं 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्याच्या कलम 12 मध्ये दिली आहेत. कोर्टाचा हुकूम नसताना मालकाने कुलूप बदललं, सामान रस्त्यावर टाकलं, तर 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. मालकी कुणाची, हा प्रश्न त्यात निघत नाही. फीवरून भांडण सुरू होतं ते बहुतेकदा निकालानंतर.

निकालाच्या शेवटी प्रतिवादीने वादीचा खर्च द्यावा, अशी ओळ असते. पक्षकाराला वाटतं, वकिलाला दिलेले सगळे पैसे परत येणार. तसं होत नाही. इथल्या कोर्टांच्या निकालांत नेहमीची अट असते : वकिलाने प्रमाणित केलेली फी किंवा नियमांतल्या तालिकेप्रमाणे बसणारी फी, यांतली जी कमी असेल ती. समजा वकिलाला 40 हजार दिले आणि तालिकेत 4 हजारच बसतात, तर समोरच्याकडून 4 हजारच वसूल होतील. बाकीचे 36 हजार घर परत मिळवणाऱ्याच्याच खिशातून गेले! म्हणून फीची पावती घ्यावी आणि फीचं प्रमाणपत्र दाखल झालं का, हे निकालाआधीच विचारून घ्यावं.

खर्च वाजवी आणि प्रत्यक्ष झालेल्या खर्चाला धरून असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये म्हटलं होतं. पण 2011 मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात वकील फीपोटी 45 लाख 28 हजार देण्याचा उच्च न्यायालयाचा हुकूम त्याच न्यायालयाने टिकू दिला नाही. जाणूनबुजून खोटा दावा किंवा खोटा बचाव केला, तरी साध्या दिवाणी दाव्यात त्याची वेगळी भरपाई 3 हजारांच्या वर जात नाही. ही रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण कायद्यात तीच आहे.

दुसरं भांडण आपल्याच वकिलाशी होतं. ‘घर मिळालं तर इतके टक्के’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी थकली म्हणून वकिलाला फाइलही अडवून ठेवता येत नाही. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेच्या वकिलाने 97,100 रुपयांच्या बिलासाठी फाइली अडवल्या होत्या. तो हक्क वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये सांगितलं. फी मात्र वकील दिवाणी दावा लावून मागू शकतो.

वकिलाविरुद्ध ग्राहक कोर्टात जाण्याचा रस्ता 14 मे 2024 च्या निकालाने बंद झाला. गैरवर्तनाची तक्रार जबलपूरच्या राज्य बार कौन्सिलकडे करता येते.

महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. धार आणि देवास दोन्हीकडे हे प्राधिकरण आहे. अर्ज दावा लावण्याआधी केलेला बरा. खासगी वकिलाला दिलेली फी तिथून परत मिळत नाही.