चंचल मुलाच्या घरी जाण्याआधी

एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या मुलांच्या कुटुंबांसोबत काम करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, समुपदेशकांसाठी, आशाताईंसाठी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी हे टिपण. विषय मेंदूचा असला तरी यातलं बरंचसं काम घराच्या ओट्यावरच होतं. कारण आपला अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून किंवा पाथर्डीच्या एखाद्या वस्तीवरून दर आठवड्याला मजुरी बुडवून शहर गाठणं कुठल्या आईला परवडेल?

तुम्ही पोचण्याआधी घराने निकाल दिलेला असतो. पोरगं वांड आहे, आईने लाडावून ठेवलंय. बाप म्हणतो, मीही असाच होतो, सुधारलोच ना. बापाचं हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो सत्तर टक्क्यांच्या वर आढळतो. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं, की या मुलांच्या मेंदूचं बाह्यावरण सरासरी तीनेक वर्षं उशिरा परिपक्व होतं. स्वतःला आवरणारे भाग त्यात विशेष मागे असतात. आईचे लाड हे त्याचं कारण नाही. हे सासूसमोर, नवऱ्यासमोर स्पष्ट सांगणं हा उपचाराचाच भाग मानावा.

निदानाची मात्र घाई नको. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसणारी हवीत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधल्या ऊसतोड कुटुंबांत ही अट फार अवघड होते. दिवाळीच्या सुमाराला कुटुंब कारखान्याच्या वाटेला लागतं. मूल आई-बापांबरोबर गेलं तर पुढचे काही महिने कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, आणि मागे राहिलं तर आजीजवळ. एकाही शिक्षकाने ते सलग वर्षभर पाहिलेलं नसतं. फळ्याकडे न बघणाऱ्या मुलाचे आधीचे धडेच बुडालेले असू शकतात. त्याला ऐकू कमी येत असेल, रक्त कमी असेल, झोप पुरत नसेल. हे तपासल्याशिवाय शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. उलट, गप्प बसून हरवलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं नजरेतून सुटते.

घरच्यांना शिकवायचं ते साधं असलं तरी सोपं नाही. लांबून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच काम सांगायचं. जमलं की तिथल्या तिथे शाबासकी. कारण या मुलांना महिनाअखेरच्या बक्षिसाची ओढ फारशी टिकत नाही. बारीकसारीक खोड्यांकडे काणाडोळा, मोजकेच नियम, आणि ते आजी-आजोबांसह सगळ्यांचे सारखे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तर पालकांचं असं प्रशिक्षण हाच पहिला उपाय मानला जातो. मोठ्या मुलांत गरजेप्रमाणे औषधाची जोड मिळते. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं, आणि मुलाची भूक, झोप, वाढ यांवर लक्ष ठेवायचं.

हे वस्तीवर जमेल का, ही शंका रास्त आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केलं. त्यांचा भर माता-बालआरोग्यावर होता, एडीएचडीवर नव्हे. पण नीट शिकवलं आणि पाठीशी उभं राहिलं तर गावातली बाई शेजारणीच्या घरातली जुनी सवय बदलवू शकते, एवढं जामखेडने सिद्ध केलं आहे. आपल्या क्षेत्राने तो धडा अजून पुरेसा उचललेला नाही.

विशीतल्या मुलांना विसरू नका. उड्या मारणं थांबतं, पण कॉलेज अर्धवट राहतं, कामं सुटतात, मोटारसायकल भरधाव जाते. इथे आई-बापांनी हुकूम सोडण्यापेक्षा ठरवून वाटाघाट करावी. पैशांचा आणि वेळेचा हिशोब मुलाने स्वतः लिहावा.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा पथक येतं. त्या दिवशी मूल कोपीवर असेल तर त्याचं नाव आणि तुमची निरीक्षणं शिक्षकांकडे आधीच लिहून द्या, आणि कुटुंब परतल्यावर तपासणी झाली की नाही याची खात्री करा. त्याआधी कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आईच्या हाती द्या. तिथे मराठीत बोलता येतं.