गिरणीतील धर्माचरण

एकोणिसाव्या शतकात युरोपात यंत्रे वाढली, गिरणीमालक श्रीमंत झाले. मजूर मात्र दारिद्र्यातच राहिला. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकणारा मालक सोमवारी मजुरीत काटछाट करी, आणि त्यात त्यास विसंगती वाटत नसे.

फ्रान्समधील लेओं आर्मेल (१८२९–१९१५) यांना ती विसंगती जाणवली. रँस शहराजवळील व्हाल-दे-ब्वा येथे त्यांची लोकरीचे सूत काढण्याची पिढीजात गिरणी होती. १८५४ साली तिचा कारभार त्यांच्या हाती आला. मजुरांसाठी घरे, शाळा, बचतपेढी आणि आजारपणातील मदतीची व्यवस्था तेथे उभी राहिली. १८७४ मध्ये गिरणी आगीत भस्मसात झाली. ती पुन्हा उभारून त्यांनी हे कार्य पुढे चालविले.

इतके काही दयाळू मालक इतरत्रही करीत. आर्मेल त्यांच्याही पुढे गेले. मजुराचे हित त्याच्या सहभागावाचून साधत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी मजुरांच्या निवडलेल्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापिले. वेतन, अपघात, शिस्त यांचा विचार मालक व मजूर एकत्र बसून करू लागले. मालकाची सत्ता ढिली होईल या भीतीने उत्तर फ्रान्समधील अनेक कॅथॉलिक कारखानदारांना हे रुचले नाही.

१८८९ साली आर्मेल यांच्या पुढाकाराने सुमारे दहा हजार मजूर रोमच्या यात्रेस गेले. पुढे १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतन व मजूर-संघटना यांचा कैवार घेतला. त्या शिकवणुकीतील बरेचसे आर्मेल यांच्या गिरणीत आधीच आचरणात आले होते. मजुराला दान देणारे मालक पुष्कळ होते; त्याला आपल्याशेजारी बसवून त्याचे म्हणणे ऐकणारे मात्र विरळा.