कचारगड व गोंडांची गाथागायन परंपरा
कचारगड : महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्यातील (सालेकसा तालुका) गोंडांचे पवित्र गुहास्थान. येथे माघ पौर्णिमेस यात्रा भरते. आख्यायिकेनुसार काली कंकालीची ३३ मुले या गुहेत कोंडली गेली होती. हिरासुका पाटालीर याच्या किंगरीच्या नादाने त्यांच्या अंगी बळ संचारले व त्यांनी दाराची शिळा लोटली. वादक मात्र त्या शिळेखाली सापडून मरण पावला.

संगीताची अशी कसोटी परधान या गोंडांच्या गाथागायकांनाही द्यावी लागे. त्यांची परीक्षा घेणारे परीक्षक नव्हते. यजमान कुळासमोरचे गायन हीच परीक्षा असे. देवपूजेच्या व मृतांच्या विधींत कुळाच्या उत्पत्तीची गाथा गावी लागे. ती श्रोत्यांना परिचित असल्याने चूक लपत नसे. लिखित संहितेअभावी सारी तयारी कानांवर व स्मरणावर अवलंबून असे. मुले वडीलधाऱ्यांबरोबर यजमानांकडे जात आणि ऐकून ऐकून गाथेचे प्रसंग, त्यांचा क्रम व चाली आत्मसात करीत. गायन व गजाने वाजविण्याचे तंतुवाद्य यांचा मेळ साधणे, हा या तयारीचा महत्त्वाचा भाग होय.

शामराव हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर (१९४६), तर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर (१९४८) ग्रंथ लिहिले. ग्रंथात गाथेचा आशय उतरतो. गाण्याची तयारी मात्र गुरूच्या सहवासातच होते. त्यामुळे यजमानांचा आश्रय ओसरला, की गाथेबरोबर ती शिकण्याची रीतही लोपण्याचा धोका संभवतो.