तबकडीवरचा आवाज आणि तबकडीवरचे नाव

जुन्या गाण्यांची शोभिवंत आवृत्ती निघाली, की तिच्या वेष्टनावर सेकंदाला ९६,००० नमुन्यांचा आकडा मिरवतो आणि संग्राहक त्याला भुलतो. त्याने जरा मागे वळून पाहावे.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मेणावर उतरविले. कर्ण्यापुढे उभे राहून तीनेक मिनिटांत सारा राग आटोपावयाचा, असा तो प्रकार. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत कर्ण्याला ना खर्ज धड पेलला, ना वरची झळाळी. जे कर्ण्यात शिरलेच नाही, ते ९६,००० नमुन्यांनी परत यावे कोठून? १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचे ४४,१०० नमुने सेकंदाला २२,००० कंपनांपर्यंतचा नाद टिपतात. तरुण कानाची मजल २०,००० च्या पलीकडे नाही. जुन्या तबकडीला तेवढे पुष्कळ झाले.

खरी गफलत होते वेगात. ७८ फेऱ्यांची म्हणविणारी तबकडी नेहमी ७८ नेच कोरलेली असे, असे नाही. ७४ ने कोरलेली ७८ ने फिरविली, तर काळी एकची पट्टी जवळजवळ पांढरी दोनला जाऊन बसते, तानही उगाच चपळ होते. आणि आम्ही त्या चपळाईला माना डोलवितो! वेग तपासून दुरुस्त केला आहे काय, हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेले असते.

गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीतून सांगे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात. गाणे कोणाचे, हे तेथल्या कारागिरांना कळावे म्हणून ही युक्ती. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचे नावही अभंगाच्या शेवटच्या चरणात येते. जात्यावरची ओवी गाणाऱ्या बाईला मात्र अशी नाममुद्रा नाही, आणि तबकड्यांच्या बाजारात तिला जागाही फारशी नव्हती. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या, पहाटेची जाती थांबली, तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात परभणी जिल्ह्यातले ताडकळसही आहे. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने या ओव्या सर्वांना खुल्या केल्या आहेत. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि तालुका वाचावयास मिळतो.