फुकट जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब
(गॅस इंजिनावर चालणाऱ्या हीट पंपाची कहाणी)

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत इतिहासाचे लेख दरवर्षी असतात. राजे, वाडे, नाटक मंडळ्या यांवर लिहिणारे जाणकार बडोद्यात पुष्कळ आहेत. मी पडलो मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, सरकारी इमारतींची यंत्रं सांभाळणारा. तेव्हा एका यंत्राचाच इतिहास सांगतो.

याला निमित्त झाली एका सरकारी इमारतीची गच्ची. मे महिन्याची दुपार होती. गच्चीच्या एका कडेला एसीची युनिट्स खोल्यांमधली उष्णता बाहेर फेकत होती. तिथे उभं राहवत नव्हतं. दुसऱ्या कडेला पाइपच्या गॅसवरचा बॉयलर वापरायचं पाणी तापवत होता. म्हणजे एकीकडे उष्णता फेकायला पैसे आणि दुसरीकडे उष्णता करायला पैसे, अंतर जेमतेम वीस पावलं. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसला.

आधी हीट पंप म्हणजे काय ते पाहू. विहिरीतलं पाणी आपोआप वर येत नाही, पंप लावावा लागतो. उष्णताही थंड जागेकडून गरम जागेकडे आपोआप जात नाही. तिला न्यायला कॉम्प्रेसर लागतो. घरातला फ्रिज हेच करतो. आतली उष्णता काढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हेच यंत्र उलटं वापरलं, तर बाहेरच्या गार हवेतली उष्णता खेचून घर तापवता येतं.

ही कल्पना १७० वर्षांहून जुनी आहे. फ्रान्सच्या सादी कार्नो या तरुण इंजिनिअरने १८२४ साली उष्णतेपासून काम किती मिळू शकतं याचा पाया घातला. पुढे १८५२ साली ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी तोच हिशेब उलटा मांडला. आदर्श यंत्र असेल, तर इमारतीची हवा ५० वरून ८० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे पस्तिसाव्या भागाइतकीच शक्ती खर्च होईल, बाकीची उष्णता बाहेरच्या हवेतून येईल, असं त्यांनी दाखवलं. हेच यंत्र उष्ण देशांत गारव्यासाठीही चालेल, हेही त्यांनी सांगितलं. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात खोल्या थंड कशा ठेवायच्या, यावर त्या काळी ब्रिटनमध्ये विचार चालूच होता. म्हणजे या शोधाच्या मुळाशी आपल्या उन्हाळ्याचाही थोडा हात आहे!

थॉमसन यांच्या वेळी इंजिन म्हणजे वाफेचं. छोटं, सुटसुटीत गॅस इंजिन यायला १८७६ साल उजाडलं. जर्मनीच्या निकोलाउस ऑटो यांनी चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं, तेही शहरातल्या दिव्यांच्या कोळसा-गॅसवर. पण पुढे विजेची मोटर आली आणि कॉम्प्रेसर तिच्याकडे गेले. मोटरला ना धूर, ना ऑइल बदलायची कटकट. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला, तोही विजेवरच.

मग गॅस इंजिन पुन्हा कशाला? याचं उत्तर १९७३च्या तेलटंचाईत आहे. इंधन महागलं तसा पश्चिम जर्मनीत हिशेब सुरू झाला. तो आपणही करू.

समजा, १०० रुपयांचा गॅस घेतला. बॉयलरमध्ये जाळला तर साधारण ८५-९० रुपयांची उष्णता मिळते. तोच गॅस इंजिनात घातला तर शाफ्टवर फक्त ३० रुपयांचं काम मिळतं. ऐकायला तोट्याचा सौदा वाटतो. पण त्या ३० रुपयांच्या कामावर हीट पंप साडेतीन पट, म्हणजे १०५ रुपयांची उष्णता आत आणतो. शिवाय इंजिनाच्या गरम पाण्यातून आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातून ४५ रुपयांची उष्णता परत मिळवता येते. बेरीज १५०. आकडे ढोबळ आहेत, पण मेख इथेच आहे. इंजिनाने जे टाकून दिलं असतं, तेच जमेच्या बाजूला आलं.

ही विद्या घरोघरच्या कामाला लावली जपानने. तिथे १९६९ पासून द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजांनी येऊ लागला. गॅसचा खप हिवाळ्यात, तर विजेची ओढ उन्हाळ्यात एसीमुळे. उन्हाळ्यात गॅसच्या वाहिन्या रिकाम्या आणि वीज कंपन्या घायकुतीला. म्हणून गॅस कंपन्या आणि यानमारसारखे इंजिन बनवणारे एकत्र आले आणि १९८७ साली छोटे गॅस हीट पंप बाजारात उतरले. शाळा, दुकानं, छोटी कार्यालयं ही त्यांची गिऱ्हाइकं.

खरी परीक्षा होती इंजिनाची. गाडीचं इंजिन दोन लाख किलोमीटर चाललं की आपण खूश होतो. सरासरी ताशी ५० धरले तर ते ४,००० तास झाले. हीट पंपाचं इंजिन एवढे तास दीड-दोन वर्षांत संपवतं. जपानी यंत्रांची अपेक्षा मात्र ३०,००० तासांची, आणि देखभाल पुढे १०,००० तासांनी एकदा. त्यासाठी ऑइलची टाकी मोठी केली, स्पार्क प्लग टिकाऊ केले, फेरे कमी ठेवले.

मग हळूहळू कार्यक्षमता वाढली. आधी मिश्रणात हवा जास्त आणि गॅस कमी ठेवला. त्याने इंधन वाचलं, विषारी धूरही घटला. नंतर अमेरिकेच्या राल्फ मिलर यांची १९५०च्या दशकातली युक्ती कामी आली. झडप बंद व्हायची वेळ बदलून दाबण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा लांब ठेवायचा, म्हणजे जळालेल्या गॅसमधून जास्त काम निघतं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. इमारतीला पूर्ण ताकदीचा गारवा वर्षातले थोडेच दिवस लागतो. बाकी दिवस यंत्र अर्ध्यामुर्ध्या भारावर चालतं आणि तिथेच गॅस वाया जातो. म्हणून कॉम्प्रेसर आणि जाळ्या मोठ्या करून इंजिन कमी फेऱ्यांत, पण भरल्या जोराने चालवायला सुरुवात झाली.

२०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानमध्ये विजेची टंचाई आली, तेव्हा या यंत्रांची किंमत लोकांना कळली. वीज गेली तरी स्वतः सुरू होऊन गारवा आणि थोडे दिवे देणारी मॉडेल्सही निघाली.

हे यंत्र सगळीकडे बसवा, असं मी म्हणत नाही. किंमत जास्त, कुशल फिटर हवा, आणि विजेवरचे हीट पंपही आता फार सुधारले आहेत. जिथे गारवा आणि गरम पाणी दोन्ही रोज लागतं, म्हणजे इस्पितळं, वसतिगृहं, हॉटेलं, तिथेच त्याचा हिशेब जमतो. बडोद्यात १९७०च्या दशकापासून पाइपचा गॅस आहे. तेव्हा निदान हिशेब तरी करून पाहायला हवा.

मी त्या गच्चीवरच्या उष्णतेबद्दल एक टिपण लिहून वर पाठवलं होतं. नवं यंत्र मागितलं नव्हतं. एसीच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी आधी कोमट करता येईल, एवढंच म्हटलं होतं. फाइल ‘नोंद घेतली’ असा शेरा घेऊन परत आली. वाईट वाटलं, पण थॉमसन यांचा कागदही कित्येक दशकं पडूनच होता. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, ते कारागिराच्या पोराने यंत्र नुसतं चालवू नये, समजून घ्यावं म्हणून. मी पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर थर्मामीटर लावून मोजमाप घेणार आहे. यावेळी टिपणासोबत आकडे असतील.

गणपती बाप्पा मोरया!