तलफेच्या वहीची कुळकथा

गांजा सोडायला आलेल्या माणसाच्या हाती समुपदेशक अनेकदा वही देतो. तिच्यात रकाने असतात: वेळ, जागा, मनात काय आलं, पुढे काय केलं. ‘रात्री दहा. गच्ची. भावाशी वाजलं. ओढल्याशिवाय झोप लागणार नाही. एक जॉइंट ओढला.’ अशी एकेक नोंद साठली, की तलफ कुठल्या वाटेने येते ते माणसाला स्वतःलाच दिसू लागतं.

या वहीचं मूळ फिलाडेल्फियात आहे. 1960 च्या सुमारास मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांना आढळलं, की निराशेने ग्रासलेल्यांच्या मनात काही विचार झरकन येतात आणि खरे मानले जातात. बेक रुग्णांना ते विचार कागदावर उतरवून तपासायला शिकवू लागले. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस 1955 पासून अशाच दिशेने काम करत होते. मराठी वाचकांना एलिस कि. मो. फडके यांच्या लेखनातून परिचित आहेत.

व्यसनाच्या अंगाने ही वाट रुंद केली सिॲटलच्या ॲलन मार्लाट यांनी. माणसं पुन्हा दारूकडे का वळतात, हे त्यांनी तपासलं. मनाची कोंडी, भांडण आणि सोबत्यांचा आग्रह ही मोठी कारणं निघाली. ‘एकदा घसरलो, आता सगळं संपलं’ हा विचार घसरण्यापेक्षा घातक, हेही त्यांनी दाखवलं.

त्याच शहरात रॉजर रॉफमन आणि रॉबर्ट स्टीफन्स यांनी धोक्याचे क्षण ओळखून सावरायला शिकवण्याची मार्लाट यांची पद्धत गांजाला लावली. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 212 जण होते. मार्लाट यांच्या पद्धतीचा गट आणि परस्परांना आधार देणारा गट, दोन्ही गटांतलं गांजा ओढणं जवळपास सारखंच कमी झालं. पुढे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन शहरांतले 450 जण होते. काहींना समुपदेशनाच्या दोन भेटी मिळाल्या, काहींना नऊ, तर उरलेल्यांना उपचारासाठी चार महिने थांबवलं. दोन भेटींनीही गांजा कमी झाला, पण सर्वांत जास्त घट नऊ भेटींच्या गटात झाली. त्या नऊ भेटींत आधी सोडण्याची इच्छा बळकट करायची, मग तलफेच्या क्षणी वागायचं कसं याचा सराव करायचा.

म्हणून घरातलं कुणी ‘मला सुटत नाही’ म्हणालं, तर ‘गांजाचं कुठे व्यसन लागतं’ असं म्हणून उडवून लावू नका. त्याला समुपदेशकाकडे न्या. आणि वहीत एखाद्या दिवशी ‘ओढला’ अशी नोंद दिसली, तरी वही बंद करू देऊ नका.