पावातील ब्रोमेट

पीठ फुगावे म्हणून गोव्याचे पोदेर पूर्वी त्यात माडाची सूर घालीत आणि ते आंबण्याची वाट पाहत. यंत्रयुगास ही प्रतीक्षा परवडली नाही. १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेतील पाव-कारखान्यांनी पिठात पोटॅशियम ब्रोमेट मिसळण्यास आरंभ केला. त्याच्या योगे कणीक चिवट होते आणि पाव उंच, मऊ निघतो. भट्टीत त्याचे बव्हंशी ब्रोमाइड होऊन जाते खरे. परंतु प्रमाण वाढले वा भाजणी अपुरी राहिली, तर ब्रोमेटाचा अंश मागे उरतो.

१९८० नंतर जपानी संशोधकांना या द्रव्यामुळे उंदरांच्या मूत्रपिंडांत अर्बुदे झालेली आढळली. ब्रिटनने १९९० साली व कॅनडाने १९९४ साली त्यास बंदी केली. भारतात मात्र ते चालूच राहिले. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने पाव, बन, पिझ्झा व बर्गर यांच्या ३८ नमुन्यांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. शेकडा ८४ नमुन्यांत ब्रोमेट वा आयोडेट निघाले. महिन्याभरातच ब्रोमेटावर बंदी आली.

उंदरांवरील प्रयोग म्हणजे मनुष्याविषयीचा अंतिम निर्णय नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्ञान होते आणि विचारणा उशिरा झाली, असेच आम्हांस वाटते. नैवेद्याच्या ताटातील प्रत्येक जिन्नस कोठून आला, हे आपण पाहतो. मुलांच्या हाती बर्गर देताना तोच प्रश्न विचारावयास नको काय?